शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब
(जासई येथील भाषण)

१९८४ साली या परिसराने जमिनीच्या मोबदल्यासाठी रक्त सांडले. सरकारदरबारी संपादित जमिनीचा गुंठा न् गुंठा नोंदला गेला. कुटुंबांचे पुढे काय झाले, त्याचे दप्तर मागू गेल्यास कोण दाखवील? कर्करोगाच्या शस्त्रक्रियांबाबत आपण हेच करीत आहोत.

रोग किती जणांना जडला, याची नोंद मुंबईत १९६३ साली सुरू झाली. बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ साली. तेथे कार्यकर्ते खेडोपाडी हिंडून रुग्ण शोधीत. परंतु गाठ काढल्यावर नव्वद दिवसांत किती दगावले, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, याची सर्व रुग्णालयांना बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंद नाही. इंग्लंडात आतड्याच्या कर्करोगाबाबत असे आकडे रुग्णालयवार प्रसिद्ध होतात. आपल्याकडे शेत विकून शस्त्रक्रिया करून घेणारा माणूस कोठे जावे हे शेजाऱ्याला विचारतो!

डॉक्टरांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. जे रुग्णालय उशिरा आलेले गरीब रुग्ण स्वीकारते, तेच आकड्यांत बदनाम होईल. म्हणून वय, रोगाची अवस्था, इतर व्याधी यांची नोंद आधी आणि तुलना मागाहून. नाहीतर अवघड रुग्णाला दारातूनच परत पाठविले जाईल.

महात्मा फुले योजनेतून सरकार शस्त्रक्रियेचे पैसे मोजते. त्याच हक्काने नव्वदाव्या दिवसाची खबर त्याने मागावी. गावची आशासेविका ती आणू शकेल. त्या फेरीचे मानधन तिला वेगळे मिळाले पाहिजे.