वाहत्या रसायनाचा पाठ

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परंतु या पोलादनगरीत रसायनविद्येचीही एक मोठी पाठशाळा आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

दगडी कोळसा हवेवाचून तापविला म्हणजे कोक मागे राहतो आणि वायू बाहेर पडतो. प्रत्येक भट्टी भरावी लागते, रिकामी करावी लागते. पण भट्ट्या पाळीपाळीने चालतात, म्हणून वायूची धार तुटत नाही. रहाटाचे एकेक गाडगे भरते आणि रिते होते; पाटातले पाणी मात्र अखंड वाहते, तसाच हा प्रकार. त्या वाहत्या वायूतून डांबर निराळे होते, आणि अमोनिया गंधकाम्लात शोषला जाऊन अमोनियम सल्फेटचे खत बनते.

महाविद्यालयात मात्र विद्यार्थी चंचुपात्रात रसायने मिसळतो. ती विद्या पुऱ्यांच्या घाण्यासारखी: एक उतरला की दुसरा. वाहत्या प्रक्रियेत घड्याळाची जागा नळीची लांबी घेते. १० मिलिलिटर मावणाऱ्या नळीतून मिनिटाला २ मिलिलिटर द्रव सोडला, तर तो सरासरी ५ मिनिटे आत राहतो. मात्र सगळेच कण सारखा वेळ राहत नाहीत. मधले पुढे धावतात, कडेचे रेंगाळतात. याची शास्त्रशुद्ध मांडणी डँकवर्ट्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली केली. रंगाचा एक थेंब आत सोडून बाहेर येणारा रंग क्षणोक्षणी मोजला, तर साध्या प्रयोगशाळेतही हे तत्त्व डोळ्यांना दिसते.

अरुंद नळीत एका वेळी थोडेच द्रव्य असते व उष्णता लवकर निघून जाते. म्हणून नायट्रीकरणासारख्या दाहक क्रियाही तीत आवरता येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा सूक्ष्म नलिकांवर संशोधन करणारे डॉ. अमोल कुलकर्णी २०२० च्या भटनागर पारितोषिकाचे मानकरी ठरले.

तथापि प्रवाह सुरू करण्याइतकेच तो थांबविणेही शिकवावे लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये भिलाईच्या कोकभट्टी विभागात, वायुवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असता आग लागून दहाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेची मीमांसा हा वेगळा विषय होय. पण तोटी बंद केली म्हणजे नळी रिकामी होत नाही, हा धडा विद्यार्थ्याच्या हाताला बोटभर नळीवरच वळण म्हणून लागला पाहिजे. कारखान्यात तो शिकण्याची किंमत फार मोठी असते.