मटण बिघडल्याचे नाकाला उशिरा कळते



धानाची मळणी आटोपली की आपल्या एटापल्ली तालुक्यात पंडुम, लग्नं आणि यात्रांचे दिवस येतात. जानेवारीत सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. पाहुणे येतात, घरोघरी बोकड, कोंबडे कापले जातात. शिवाय आता खाणीच्या कामाला बाहेरून माणसे आली आहेत, त्यामुळे ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत त्याला मटण विकून दोन पैसे मिळण्याची सोय झाली आहे. विकायचे असो की घरी रांधायचे असो, ते मटण चुलीवर चढेपर्यंत चांगले कसे ठेवावे, यावर आज थोडे बोलू.

बकरा सकाळी सातला कापला. मटण प्लास्टिकच्या थैलीत भरले, थैली मोटारसायकलच्या हँडलला लटकवली. वाटेत दोन ठिकाणी थांबणे झाले. घरी पोचून गंज चुलीवर चढायला दुपारचे दोन वाजले. म्हणजे सात तास झाले. आता हिशेब बघा. मटणावरच्या जंतूंना ऊब आणि ओल मिळाली तर ते साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. या चालीने सात तासांत एका जंतूचे वीस लाखांच्या वर होतात. थैलीत हवा लागत नाही, मटण आपल्याच उष्णतेने कोंदते. जंतूंना याहून चांगली जागा आपण दिली नसती!

पुष्कळ जण म्हणतात, “साहेब, वास तर येत नाही, मग भ्यायचं कशाला?” वास येतो तो मटण सडवणाऱ्या जंतूंचा. उलटी-हगवण लावणारे जंतू पुष्कळदा वासही सोडत नाहीत आणि रंगही बदलत नाहीत. त्यातल्या काहींचे विष एकदा तयार झाले की उकळूनही जात नाही. तेव्हा ‘चांगले शिजवले की झाले’ ही समजूत अर्धीच खरी आहे. नाकापेक्षा घड्याळ बरे. साध्या हवेत मटण दोन तासांच्या वर ठेवू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एकच तास धरा.

याहून जास्त वेळ लागणार असेल तर बर्फ पाहिजे. थर्माकोलची पेटी घ्या, मटणाच्या वजनाइतका बर्फ घ्या. मटण स्वच्छ पिशव्यांत थोडे थोडे बांधा, म्हणजे वितळलेले पाणी त्याला लागणार नाही. खाली बर्फ, मध्ये मटण, वर पुन्हा बर्फ. पेटी सावलीत ठेवा आणि वारंवार उघडू नका. भाजीसाठी विटा आणि ओल्या वाळूचा शीतकक्ष काहींना माहीत असेल. तो भाजीला चांगला, मटणाला नाही. मटणाला 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंडी लागते, ती ओल्या वाळूने मिळत नाही.

पेटीत खरोखर किती थंड आहे हे हात लावून समजत नाही. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो फक्त अंगाच्या तापाचेच आकडे दाखवतो. बाजारात वायर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो. वायरचे टोक पेटीत, आकडा बाहेर. मटण विकणाऱ्याने तो घ्यावाच, असे माझे मत आहे.

यात नवीन काही नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या पेटीचे तापमान रोज सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतात. (त्या पेटीत मटण मात्र कोणी ठेवू नये.) पोलिओच्या डोसाच्या कुपीवर 1996 पासून एक खूण छापलेली असते. गोलात एक फिका चौकोन असतो. कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो गडद होतो. गोलाच्या रंगाला आला की कुपी वापरत नाहीत. अशाच जातीच्या रंग बदलणाऱ्या चिठ्ठ्या परदेशात काही ठिकाणी मांस-मासळीच्या पाकिटांवर लावतात. आपल्या बाजारात अजून तसे दिसत नाही.

ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांच्यासाठी बिनपैशाची युक्ती सांगतो. वाटीभर पाणी बर्फाच्या कप्प्यात गोठवा आणि त्यावर रुपयाचे नाणे ठेवा. वीज जाऊन आली आणि नाणे वरच असले तर बर्फ टिकला. नाणे तळाशी गेले असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, त्या कप्प्यातले मटण टाकून द्यावे. खालच्या कप्प्यातले मटण, दार न उघडल्यास, वीज नसताना साधारण चार तास निभावते.

शिजवलेला रस्सा उरला तर रात्रभर गंजात झाकून ठेवू नका. मोठ्या गंजात मधला रस्सा फार वेळ कोमट राहतो, आणि तेच वाईट. दोन तासांच्या आत वाटून टाका, नाहीतर पसरट परातीत ओतून निववा आणि थंडीत ठेवा. सोय नसेल तर माणसे मोजूनच बोकड कापावा.

मटण वाळवायचे तर बोटाहून पातळ पट्ट्या कापून, मीठ लावून, कडक उन्हात जाळीखाली किंवा चुलीच्या धुरावर वाळवावे. पावसाळ्यात हे करू नये, बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. आपोआप मेलेले जनावर कापू नका. फाशी रोगाने मेलेल्या जनावराचे पोट फुगते, नाका-गुदातून न गोठणारे काळे रक्त येते. ते कापले की रोगाचे बीज हवेत, मातीत, कापणाऱ्याच्या जखमेत जाते आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. कातडेही काढू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. डॉक्टर सांगतील तसे चुना टाकून खोल पुरा. तेवढ्या वेळात कुत्री आणि लेकरे लांब ठेवा.

जेवणानंतर कोणाला उलट्या-हगवण लागलीच तर मीठ-साखरेचे पाणी पाजत आरोग्य केंद्र गाठा आणि काय, किती वाजता खाल्ले ते तिथे सांगा.

पुढच्या वेळी परसातल्या कोंबड्यांना मानमोडीची लस कधी द्यावी ते पाहू.