जुन्या चेतकचा कार्ब्युरेटर

ताथवड्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली जुनी बजाज चेतक अजूनही दिसते. आकुर्डीच्या बजाजची ही गाडी १९७२ साली आली आणि पुढे बंद झाली. २०२० साली त्याच नावाची विजेवरची गाडी निघाली, तिला कार्ब्युरेटरच नाही. पण जुनी चेतक ज्यांना चालू ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आज एक नवी अडचण उभी आहे, ती पेट्रोलची.

कार्ब्युरेटरचं काम साधं असतं. हवेच्या ओढीनं बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल खेचायचं आणि इंजिनाला पुरवायचं. भोक ठरलेलं, म्हणून पेट्रोलचं माप ठरलेलं. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर धुराचा अंदाज घेऊन माप बदलतो, इथे ते कोणी बदलत नाही. २०२३ पासून आणि २०२५ पर्यंत तर जवळपास सगळीकडे पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटमधून येणारं मिश्रण आपोआप हवेकडे झुकतं. टू-स्ट्रोक चेतकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. मिश्रण फारच हवेकडे झुकलं, की इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

म्हणून कार्ब्युरेटर उघडायचाच आहे, तर सगळंच बघून घ्यावं. टाकीत साचलेला गाळ आधी काढा, नाहीतर साफ केलेला जेट दोन दिवसांत पुन्हा तुंबेल. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १०० म्हणजे एक मिलिमीटर. तारेनं ते भोक मोठं झालं, की आकडा खोटा ठरतो. हवेच्या दाबानंच साफ करा. फ्लोटची सुई झिजली असेल तर बदला. पेट्रोल वाहत असेल, गाडी बंद असतानाही वास येत असेल, तर दोष बहुधा तिचाच. गाडी तिरकी करून किक मारण्याची आपली जुनी सवय मला कधी पटली नाही. तेवढ्या वेळात ही सुई तपासून होते.

बसवताना घाईत बोल्ट आवळू नका. जास्त आवळले की कार्ब्युरेटरचा तळ वाकतो, गॅस्केटपाशी फट पडते, आणि तिथून आत शिरणारी हवा इथेनॉलइतकाच त्रास देते. तळ सपाट आहे का, हे काचेवर ठेवून पाहावं. रबरी नळ्या, गॅस्केट आणि सीलही नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. जुनं रबर फुगतं, मग त्याचे कण जेटमध्ये जातात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो.

एवढं केल्यावर बायपासच्या सेवा रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरून या आणि प्लग काढून बघा. बिस्किटी रंग असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर गाडी तशीच पळवू नका. मुख्य जेट एक नंबरानं मोठा घ्या, पुन्हा फेरी मारा, पुन्हा प्लग काढा.