घोटा : मुरगळलेला, मोडलेला आणि जन्मतः वळलेला
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही गुडघा सांगितला होता. पण परवा मंडपाची पायरी उतरताना एका काकूंचा पाय मुरगळला आणि पाच मिनिटांत उपायांची रास पडली. आंबेहळदीचा लेप, गरम शेक, तेल लावून मालिश; कुणी म्हणाले, पुत्तूर कट्टू बांधून या. म्हणून आज घोटाच.

नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड खाली मिळून एक खाच तयार करतात. त्या खाचेत टॅलस नावाचे हाड, सुताराने बसवलेल्या सांध्यासारखे, घट्ट बसते. ते एक मिलिमीटर जरी बाहेर सरकले तरी हाडांचा परस्परांशी होणारा स्पर्श सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, हे १९७६ साली रॅम्से व हॅमिल्टन यांनी दाखवले. सरकलेले हाड ‘जवळपास जुळले’ एवढ्यावर आम्ही समाधान का मानत नाही, प्लेट आणि स्क्रूचा आग्रह का धरतो, ते यावरून कळावे.

नुसता पाय मुरगळला तर बहुधा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले असतात. हाड मोडले की नाही हे ओळखण्याचे नियम कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली प्रसिद्ध झाले. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या टोकाला किंवा मागच्या कडेला दाबल्यावर हाड दुखते का? लंगडत का होईना, चार पावले टाकता येतात का? हाड दुखत असेल किंवा चार पावले जमत नसतील तर एक्स-रे काढावा. पहिले दोन दिवस थंड शेक, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. मालिश आणि गरम शेक नको, त्याने सूज वाढते. मधुमेहींनी मात्र या नियमांवर विसंबू नये. त्यांचे पाऊल लाल, गरम, सुजलेले असून दुखत नसेल तर ती अधिक काळजीची गोष्ट आहे.

आता जन्मतः आत वळलेल्या पावलांविषयी. हजारात साधारण एका बाळाला हे व्यंग असते, आणि आपल्या घरांत अजून सुनेलाच विचारतात, ग्रहणात काही चिरलेस का! ग्रहणाचा काही संबंध नाही. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. पोन्सेटी यांनी बसवलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे वळवून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर एका बारीक छेदाने मोकळी करतात आणि तीन आठवडे शेवटचे प्लास्टर ठेवतात. मग दांडीने जोडलेले बूट : तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत.

खरी परीक्षा बुटांची. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या हातून एक चूक झाली. पाय सुरेख सरळ झाला, आम्ही बूट आईच्या हाती दिले, सूचना भराभर सांगितल्या आणि पुढचा रुग्ण बोलावला. घरी बाळ रात्री रडे. आजीला पाहवेना. ‘पाय तर सरळ आहे,’ असे म्हणून बूट माळ्यावर गेले. दोन वर्षांचा असताना तो परत आला तेव्हा पाऊल पुन्हा आत वळलेले होते. पुन्हा प्लास्टरे, आणि पुढे एक स्नायूबंध दुसरीकडे बसवण्याची शस्त्रक्रिया. आईने आम्हाला एकच विचारले, ‘हे तेव्हा आजींना का नाही सांगितलंत?’ तेव्हापासून बूट देण्याच्या दिवशी आम्ही आजी-आजोबांनाही बोलावतो, आणि ते आल्याशिवाय बूट देत नाही.

काकूंचे विचाराल, तर त्यांना चार पावले टाकता आली नाहीत. बाहेरचे हाड मोडले होते, पण सरकले नव्हते. शस्त्रक्रिया टळली. सहा आठवडे प्लास्टर आहे. आरतीला त्यांच्यासाठी खुर्ची आणि पाय ठेवायला स्टूल, दोन्ही लागतील. कार्यकर्त्यांनी तेवढे पाहावे.