ब्रेकचं बिल कुठे वाढतं?

इंदुरात माझं गॅरेज आहे, फक्त छोट्या गाड्यांचं. अल्टो, वॅगन-आर, सँट्रो, टियागो. मोठ्या गाड्या मी घेत नाही, उभ्या करायला जागाच नाही. रोज एक तरी फोन येतो, "दादा, ब्रेक बदलायला किती लागतील?" मी विचारतो, "कुठला ब्रेक?" समोरच्याला वाटतं, हा आकडा सांगायचं टाळतोय.

टाळत नाही हो. या गाड्यांना बहुतेक वेळा पुढे डिस्क असते आणि मागे ड्रम. पुढे डिस्कला दोन बाजूंनी पॅड दाबतात. मागे ड्रमच्या आत शू असतात, त्यांना आपण लायनरही म्हणतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून जास्त काम पुढचे ब्रेक करतात आणि आधी झिजतात तेही पुढचे पॅडच. मागचे शू त्यामानाने खूप जास्त चालतात. म्हणजे 'ब्रेक बदलायचे' याचा अर्थ बहुतेकांसाठी पुढचे पॅड, एवढाच असतो.

आमच्याकडचे ढोबळ भाव सांगतो. पुढच्या दोन्ही चाकांच्या पॅडचा सेट 1,000 ते 2,000 रुपये. डिस्कची जोडी 2,000 ते 4,000. मागचे शू 800 ते 1,500. ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली 200-300. पॅड बदलायची मजुरी माझ्यासारख्याकडे 300 ते 600, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याहून बरीच जास्त. गाव आणि गाडी बदलली की आकडे हलतील, पण एक गोष्ट हलत नाही. नुसते पॅड बदलले तर काम दोन-अडीच हजारांत होतं. सगळंच बदललं तर तेच बिल आठ-नऊ हजारांवर जातं.

मागच्या वर्षी एक काकू आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, दहा वर्षांची अल्टो स्वतः चालवतात. एका मोठ्या वर्कशॉपने त्यांना 9,200 चं एस्टिमेट दिलं होतं. पॅड, डिस्क, शू, 'ब्रेक क्लीनिंग', ऑइल, मजुरी, सगळं. काकू म्हणाल्या, "अरे, दोन महिन्यांनी एफडी सुटतेय, तेव्हा करीन म्हणते. तोवर चालेल ना?" दिवाळीत त्यांना लेकीकडे नाशिकला जायचं होतं, तेही गाडीनेच.

इंदूरहून महाराष्ट्रात रस्त्याने गेलेल्यांना मानपूरच्या पुढचा उतार माहीत आहे. माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. तिथला गणपती घाट ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे किती बदनाम झाला, हे आम्हा इंदूरकरांना सांगायला नको.

चारही चाकं उघडली. पुढच्या पॅडवर जेमतेम 2 मिलिमीटर माल उरला होता. नव्या पॅडवर साधारण 10 असतो, 3 च्या आसपास आला की बदलायचा. म्हणजे पॅड खरंच संपले होते. पण डिस्क? डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मापून पाहिली, अजून 1 मिलिमीटर शिल्लक होती. खोल चरेही नव्हते. मागचे शू अर्ध्याहून जास्त बाकी. पॅड 1,400, ऑइल 300, मजुरी 500. एकूण 2,200. काकूंनी त्याच दिवशी काम करून घेतलं.

फुगवलेल्या एस्टिमेटने पैसे जातात, हे सगळ्यांनाच कळतं. मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. 9,200 ऐकून माणूस काम पुढे ढकलतो आणि संपलेल्या पॅडवर गाडी चालवत राहतो. 2,200 ऐकले असते तर त्याने ढकललं नसतं.

आता उलटी बाजू. आमच्या भागातला एक टॅक्सीवाला भाऊ. ब्रेक दाबला की 'चीं' असा बारीक आवाज यायचा. पुष्कळ पॅडवर एक पातळ पत्री असते. माल संपत आला की ती डिस्कला घासून असा आवाज करते, तो इशाराच असतो. (पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा आवाज सोडून द्या, तो डिस्कवरच्या गंजाचा असतो, चार ब्रेकांत जातो.) भाऊने रेडिओ मोठा केला. पुढे 'चीं'चं 'खर्रर' झालं, म्हणजे लोखंडावर लोखंड. आला तेव्हा दोन्ही डिस्क खरवडून पातळ झाल्या होत्या. पॅडच्या कामाचं बिल तिपटीवर गेलं.

म्हणून मी सांगतो, भाव नंतर विचारा, आधी माप विचारा. "पॅड किती मिलिमीटर उरलेत? डिस्कची जाडी किती, किमान किती?" मेकॅनिक चाक न उघडता एस्टिमेट देत असेल तर गाडीची चावी परत मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. जुने भाग दाखवायला सांगा. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. एकाच बाजूचे बदलून हजार वाचवाल, पण ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढेल. आणि हँडब्रेक वर खेचावा लागतो म्हणून कुणी थेट नवे शू सांगितले, तर आधी ॲडजस्ट करून बघायला लावा. कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

ज्या खर्चात लोक हमखास काटकसर करतात तो म्हणजे ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-3 प्रतीचं नवं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळू नये असा मापदंड आहे, ओलावा शिरल्यावर मात्र तोच 140 वर येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की चाकापाशी भरपूर उष्णता होते, ऑइल उकळतं, त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. पॅड कोरे करकरीत असले तरी. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा.

शेवटी गाडी ताब्यात घेतानाची गोष्ट. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. मेकॅनिकने ते दाबून कडक केलेलं असायला हवं, पण गर्दीत राहून जातं. गॅरेजमधून बाहेर काढण्याआधी, गाडी जागेवरच उभी असताना, तुम्ही स्वतः तीन-चारदा पेडल दाबा. कडक लागलं की मगच गिअर टाका. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर, नवा पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, पुढच्या गाडीपासून थोडं जास्त अंतर ठेवा.