किल्ली हातात, पण गेट बंद



सुट्टीत माणसं गावाला जातात आणि घरी मांजर किंवा कुत्रा मागे राहतो. त्याला दोन वेळा खायला घालायला, फिरवायला, औषध द्यायला कुणीतरी येतं. गेली काही वर्षं मी पुण्यात हेच काम करते. लोकांना वाटतं, आमच्या कामातला अवघड भाग म्हणजे चावरा कुत्रा. खरं सांगते, कुत्रा दोन दिवसांत ओळखू लागतो. गेटवरची ओळख मात्र दर पाळीला नव्यानं करून द्यावी लागते.

दिवाळीतली एक संध्याकाळ सांगते. भाड्यानं राहणारं एक जोडपं नागपूरला निघालं होतं. घरात त्यांचा नऊ वर्षांचा बोका. त्याला मधुमेह आहे, सकाळी आठ आणि रात्री आठ असं दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं. सकाळी वॉचमननं रजिस्टरमध्ये सही घेऊन मला आत सोडलं. संध्याकाळी पाळी बदललेली, गेटवर दुसरे दादा. त्यांनी नियमाप्रमाणे सोसायटीच्या ॲपवर माझं नाव टाकलं. पण त्या फ्लॅटला नंबर जोडलेला होता तो घरमालकाचा, आणि घरमालक मेलबर्नला. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले, तिकडे मध्यरात्र उलटून दीड. परवानगी कोण देणार? नागपूरच्या गाडीत बसलेल्या जोडप्याचा फोन लागेना. सेक्रेटरी बाहेरगावी. किल्ली माझ्या मुठीत होती आणि मी गेटबाहेर उभी होते.

त्या दादांचा मला राग आला नाही, आजही नाही. बारा तासांची ड्यूटी, रिकाम्या घराची किल्ली घेऊन आलेली अनोळखी बाई. सोडलं आणि काही गेलं तर नोकरी त्यांची जाणार. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी मला जिन्यात पाहिलं होतं, खाली आल्या, रजिस्टरमध्ये स्वतःची सही करून मला वर घेऊन गेल्या. तोवर पावणेदहा झाले होते.

दार उघडलं तर बोका उंबऱ्याशीच बसलेला. पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत. मधुमेहाच्या जनावराला तहान फार लागते, हे घरच्यांनाही ठाऊक होतं. पण सकाळी भरलेलं भांडं रात्री आठपर्यंत पुरेल, एवढाच हिशेब सगळ्यांनी केला होता. तो कितीतरी वेळ पाणी पीत राहिला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी खायला घातलं, मग इंजेक्शन दिलं. उशीर झाला म्हणून डोस कधीही वाढवायचा नसतो, हेही इथे सांगून ठेवते.

या वेळी निभावलं. पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ मांजर, तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. बंद दाराआड हे कुणाला दिसत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 सालचा आहे. पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्याच्या 11 व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. ही जबाबदारी मालकाची, आणि तो गावाला गेला म्हणून ती सुटत नाही.

भाडेकरूंची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे. माणसं बदलतात, गेटवरचा नंबर मात्र जुनाच राहतो. म्हणून घर घेतानाच घरमालकाला सांगा, ॲपमध्ये आमचा नंबर घाला. गावाला जाण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात एक पत्र द्या: कोण येणार, कोणत्या तारखांना, किती वाजता, सोबत फोटो. त्याची एक प्रत गेटवरच्या केबिनमध्ये ठेवा. एका शेजाऱ्याचं नाव त्यात घाला, त्यांना विचारून. आणि किल्ली देताना दोन्ही दारं माझ्यासमोर उघडून दाखवा. आतल्या दाराची किल्ली दिली आणि सेफ्टी डोअरची विसरली, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

सोसायट्यांच्या कमिट्यांनाही माझी विनंती आहे. घरकामाच्या मावशींना तुम्ही कार्ड देता, दूधवाल्याला ओळखता. तसाच ठरावीक तारखांचा एक तात्पुरता पास आम्हाला द्या. ओळखपत्र तपासा, येण्याजाण्याची वेळ लिहून घ्या, पिशवी उघडून बघा. आमची ना नाही. फक्त रात्री आठ वाजता निर्णय घेण्याचं ओझं एकट्या वॉचमनवर टाकू नका.

तुम्ही येत्या सुट्टीत निघणार असाल, तर बॅग भरण्याआधी तुमच्या जनावराची काळजी घेणाऱ्या माणसाला घेऊन एकदा खाली गेटवर या. दिवसपाळीच्या दादांना भेटवा. मग रात्री आठनंतर पुन्हा खाली उतरा, आणि रात्रपाळीच्या दादांनाही भेटवा.