आवाज कोणाचा?



वसंतातल्या व्याख्यानांना विषय कोणते असावेत याचे काही संकेत आता रूढ झाले आहेत. संतवाङ्मय चालते, अर्थकारण चालते, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र तर हमखास चालते. आमच्या आजच्या चरित्रनायकाचे थोरपण मात्र असे, की तो जन्मभर ससा, बदक, डुक्कर, मांजर आणि पिवळे पाखरू यांच्या तोंडून बोलला. त्याचे नाव मेल ब्लँक. शीर्षकात आम्ही जो प्रश्न घातला आहे तो आपल्याकडे नाट्यस्पर्धांच्या सभागृहांत आरोळी म्हणून ऐकू येतो. आम्ही तो साधा प्रश्न म्हणूनच विचारीत आहो. माणूस चित्राला आवाज देतो, चित्र जगभर फिरते. मग तो आवाज कोणाचा? माणसाचा, चित्राचा, की चित्राच्या मालकाचा?

हा गृहस्थ १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका ज्यू कुटुंबात जन्मला आणि ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात वाढला. आडनाव ब्लँक, म्हणजे कोरा. शाळेतले एक शिक्षक त्याला म्हणत, की तू नावासारखाच कोरा राहणार. पोराने हे मनाला लावून घेतले आणि सोळाव्या वर्षी आडनावाच्या स्पेलिंगातला शेवटचा ‘के’ काढून तेथे ‘सी’ बसविला. उच्चार तोच राहिला, कागदावरचा कोरेपणा गेला! पुढच्या साऱ्या आयुष्यात नाव हा या माणसाच्या दृष्टीने किती नाजूक विषय होता हे दिसणार आहे, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. शिक्षण शाळेतच सुटले. १९२७ पासून तो रेडिओवर विनोदी कार्यक्रम करू लागला.

हजार आवाजांचा माणूस अशी त्याची ख्याती. पण हे हजार आवाज आले कोठून? प्रतिभेतून, असे म्हणून मोकळे होता येईल. आमच्या मते ते बरेचसे दारिद्र्यातून आले. १९३३ साली पोर्टलंडच्या एका केंद्राने त्याला रोज रात्री तासाभराचा कार्यक्रम दिला. आठवड्याचे सहा दिवस. अमेरिकेत तेव्हा मंदीची लाट होती. केंद्राची अट अशी, की दुसरे नट घेण्यास पैसे मिळणार नाहीत. मग शेजारी, पोलीस, म्हातारा, दारुडा, सगळे त्यानेच व्हायचे. लिहायचेही त्यानेच. त्याच वर्षी त्याचे एस्टेलशी लग्न झाले होते. ती मदतीला बसली आणि स्त्रियांच्या भूमिका तिने उचलल्या. नव्या संसाराचे पहिले दिवस या जोडप्याने मायक्रोफोनसमोर काढले. आपल्याकडे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पण तेथे प्रेक्षकांसमोर देह होता, खांद्यावरचे उपरणे होते, डोळे होते. रेडिओवाल्यापाशी गळ्याखेरीज काहीच नसते.

१९३५ साली ही मंडळी लॉस एंजेलिसला आली. तेथे लिओन श्लेसिंगर यांची चित्रपटशाळा होती. वॉर्नर ब्रदर्ससाठी हलती विनोदी चित्रे तेथे तयार होत. आपण त्यांना सरळ कार्टून म्हणतो, आम्हीही तसेच म्हणू. ब्लँक तेथे खेटे घालू लागला. दारावरचे गृहस्थ दर वेळी सांगत, आम्हांला आवाज पुरेसे आहेत. वर्षाहून अधिक काळ हे चालले. पुढे त्या गृहस्थांच्या जागी ट्रेग ब्राउन आले, आणि त्यांनी याला ऐकून घेतले. पहिले काम मिळाले १९३७ साली, एका दारू प्यालेल्या बैलाचे.

लगेच पुढचे काम आले आणि त्यात जरा थांबण्यासारखे आहे. पोर्की नावाचे तोतरे डुक्कर या संस्थेचे नामांकित पात्र होते. त्याला आवाज देणारे जो डॉहर्टी खरोखरच तोतरे होते. त्यांचे अडखळणे त्यांच्या ताब्यात नसे, एका वाक्याला किती वेळ लागेल हे सांगता येत नसे, आणि ध्वनिमुद्रणाची फिल्म वाया जाई. ब्लँकला ठरलेल्या जागी, ठरलेल्या मात्रेइतके अडखळता येत होते. तो सांगे, की आपण या कामासाठी डुकरांच्या गोठ्यावर जाऊन त्यांचे घुरघुरणे ऐकले होते. काम त्याला मिळाले. एका माणसाच्या खऱ्या तोतरेपणाची नोकरी गेली आणि दुसऱ्याने कमावलेला तोतरेपणा जगभर गाजला. कलेच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, यात आम्हांला शंका नाही. तरी डॉहर्टींचे नाव घेतल्यावाचून पुढे जावेसे वाटत नाही.

येथे या कामाची रीत सांगितली पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी, की चित्रे आधी तयार होतात आणि नट ती पाहून बोलतो. या कार्टूनांत होते उलट. आवाज आधी नोंदवायचा आणि चित्रकारांनी त्या आवाजाच्या मापाने ओठ, हात, भुवया काढायच्या. म्हणजे नट बोलतो तेव्हा त्याच्यापुढे पात्र हलत नसते. कागदावरची काही रेखाटने, संवाद, आणि शेजारी उभा असलेला दिग्दर्शक, एवढेच. त्याने एखादा शब्द लांबविला, तर चित्रकाराला त्या शब्दापुरती आणखी चित्रे काढावी लागतात. गायकाच्या ठेक्यावर तबलजीने जावे तशी येथे रेषा गळ्यामागून जाते.

काही युक्त्याही होत्या. सिल्व्हेस्टर नावाच्या मांजराचा थुंकी उडविणारा आवाज हा ब्लँकच्या स्वतःच्या आवाजाच्या सर्वांत जवळचा. तोच थोडा जलद फिरविला, की डॅफी बदकाचा आवाज होई. पण फीत जलद फिरवून आवाज उंच होतो, स्वभाव तयार होत नाही. डॅफी मत्सरी आहे, सिल्व्हेस्टर रडका आहे, हे यंत्राने आलेले नाही.

ससा, म्हणजे बग्ज बनी, १९४० च्या ‘ए वाइल्ड हेअर’ या चित्रापासून आपल्या पूर्ण रूपात आला. या सशाला बोलायला लावायचे कसे? ब्लँकने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या दोन वस्त्यांच्या बोलींची सरमिसळ केली. नुसत्या हेलावरून माणसाचा गाव, त्याची ऐट, त्याचा बेरकीपणा कळतो, हे नागपूर, कोल्हापूर आणि मालवण येथल्या लोकांना एका खोलीत बसवून ऐकणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. शिकारी बंदूक रोखून उभा आहे आणि ससा पानपट्टीच्या दुकानापाशी उभा असल्यासारखा गाजर चघळीत त्याची विचारपूस करतो. सगळा विनोद त्या निवांत हेलात आहे.

गाजर मात्र खरेच चावावे लागे. सफरचंद चावून पाहिले, सेलरीची दांडी चावून पाहिली. गाजराचा कडकडाट गाजरालाच येतो. पण तोंडात गाजर असताना पुढचे वाक्य म्हणता येईना, आणि गिळीपर्यंत थांबायला वेळ नसे. तेव्हा चावायचे, मुद्रण थांबवायचे, शेजारच्या भांड्यात थुंकायचे, आणि मग वाक्य. ब्लँकला गाजराचे वावडे होते अशी एक दंतकथा आहे. ती त्याने स्वतःच खोडून काढली.

आता आमच्या मते त्याच्या कलेची खरी कसोटी कोठे लागली ते सांगतो. १९५१ साली चक जोन्स यांनी ‘रॅबिट फायर’ हे चित्र केले. त्यात ससा बदकाचा वेष घेतो आणि बदक सशाचा. तेवढ्यावर भागत नाही. दोघे एकमेकांची नक्कलही करतात. म्हणजे ब्लँकला सशाच्या आवाजात बदकाची नक्कल करायची होती, आणि बदकाच्या आवाजात सशाची. दोन्ही मूळ आवाज त्याचेच. चित्र डोळे मिटून ऐकले, तरी कोण कोणाचे सोंग घेऊन बोलतो आहे हे कळते. ज्यांना हा सारा नकलांचा खेळ वाटतो त्यांनी हा प्रवेश ऐकावा. नकलाकार दुसऱ्याचा आवाज काढतो. येथे पात्र नक्कल करते आहे, ती त्याच्या कुवतीइतकीच साधली आहे, आणि तिच्याखाली त्याचा स्वतःचा स्वभाव झिरपतो आहे. याला आम्ही अभिनय म्हणतो.

इतके असून प्रेक्षकांना नाव ठाऊक नव्हते. ब्लँक श्लेसिंगरकडे पगारवाढ मागायला गेला. मालक म्हणाले, जास्त पैसे घेऊन काय करणार, कर भरावा लागेल! ब्लँक म्हणाला, मग निदान पडद्यावर नाव घाला. त्यात मालकाच्या खिशाला तोशीस नव्हती. १९४४ च्या सुमारास पडद्यावर आवाजाचे श्रेय म्हणून मेल ब्लँक हे नाव झळकू लागले, आणि रेडिओवाल्यांकडून कामे धावत आली. आपल्याकडे १९४९ साली ‘महल’ चित्रपटातले लता मंगेशकरांचे गाणे गाजले, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ होते. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! गळ्याला नाव नसते, हा समज दोन्ही खंडांत सारखाच होता.

पण या श्रेयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या शिकाऱ्याला ससा छळतो त्या एल्मर फडचा आवाज आर्थर ब्रायन यांचा होता. आजीबाईंचा आवाज आधी बी बेनॅडेरेट आणि नंतर जून फोरे या बायकांचा. त्या काळच्या चित्रांवर बहुधा नाव एकट्या ब्लँकचे. आजही पुष्कळ लोक सगळे आवाज त्याचेच समजतात. ज्याला आपले नाव पुसले जाण्याचे भय होते, त्याच्याच नावाखाली दुसरी नावे झाकली गेली.

आणि नाव मिळाले म्हणून आवाज आपला होतो असेही नाही. १९४० साली वॉल्टर लँट्झ यांच्या वुडी वुडपेकर या सुतार पक्ष्याला ब्लँकने एक खिदळणे दिले. पुढे त्याचा वॉर्नरशी करार झाला, तो लँट्झकडे जाईनासा झाला. पण खिदळणे नोंदलेले होते, ते वाजतच राहिले. ब्लँकने दावा लावला. न्यायाधीशांनी निकाल लँट्झच्या बाजूने दिला. आपल्या आवाजाचा हक्क ब्लँकने नोंदविलेला नव्हता. अपील झाल्यावर लँट्झनी न्यायालयाबाहेर तडजोड करून पैसे दिले. ही जुनी कज्जेदलाली आम्ही उगाच उकरीत नाही. २०२३ साली हॉलिवूडच्या नटांनी संप केला, त्यात यंत्राने आपला चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवू नये ही मोठी मागणी होती. जुलै २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राकरवी केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. लाकूडफोड्याच्या त्या हसण्यापासून हा रस्ता सरळ येथवर येतो.

ब्लँकचे रेडिओवरचे कामही मोठे होते. जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात त्याला आधी नुसते एका अस्वलाचे गुरगुरणे दिले होते. सहा महिने गुरगुरल्यावर तो बेनींना म्हणाला, मला बोलताही येते. एकदा बेनींच्या मोडक्या मोटारीच्या आवाजाची मुद्रिका ऐन वेळी वाजेना, तेव्हा यानेच माइकसमोर मोटार खोकलून, फुरफुरून सुरू केली, आणि ते काम कायमचे त्याच्याकडे आले. यातला सगळाच विनोद आज टिकणारा नाही. मेक्सिकन माणसाच्या बोलण्याची, युद्धकाळात जपान्यांची जी टवाळी झाली ती आज ऐकवत नाही, आणि काही चित्रे दाखविणे पुढे बंदही झाले.

२४ जानेवारी १९६१ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्ड रस्त्यावर, ज्या वळणाला लोक मृत्यूचे वळण म्हणत तेथे, ब्लँकच्या गाडीची दुसऱ्या गाडीशी समोरासमोर टक्कर झाली. दोन्ही पाय मोडले, कंबरेचे हाड मोडले, डोक्याला जबर मार बसला. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. बायको आणि मुलगा नोएल हाका मारीत, उत्तर नसे. शेवटी एका डॉक्टरांनी त्याला मेल म्हणून हाक मारण्याऐवजी बग्ज बनी म्हणून हाक मारली आणि तब्येत विचारली. ब्लँक कुटुंबीय सांगतात, की क्षीण आवाजात सशाने उत्तर दिले. मग डॉक्टरांनी पिवळ्या पाखराला विचारले, तेही बोलले. मेंदूच्या शास्त्रात याचा अर्थ काय लावायचा तो तज्ज्ञांनी लावावा. आमच्या मनात एवढेच येते, की हे आवाज जर केवळ गळ्याची कसरत असते, तर गळ्याचा धनी झोपलेला असताना ते जागे राहते ना.

बरे होण्यास फार दिवस लागले. अंगभर प्लास्टर घातलेले असताना बिछान्याभोवती माइक लावून त्याने ‘फ्लिंटस्टोन्स’ मालिकेतल्या बार्नी रबलचे काम केले; मधल्या काळात ते डॉज बटलर यांनी सांभाळले होते. शहरावर त्याने पाच लाख डॉलरांचा दावाही ठोकला, आणि ते वळण पुढे दुरुस्त झाले. म्हणजे सशाने रस्ता सरळ केला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटात ऐंशीच्या घरातला ब्लँक आपली बहुतेक पात्रे पुन्हा बोलला. योसेमिटी सॅम हा आरडाओरड करणारा दाढीवाला मात्र त्याला झेपला नाही, घसा फाटे. ते काम जो अलास्की यांनी केले. १० जुलै १९८९ रोजी मेल ब्लँक वारला. त्याच्या इच्छेनुसार, पोर्की डुक्कर चित्राच्या शेवटी मंडळींचा निरोप घेताना जे वाक्य म्हणे तेच त्याच्या थडग्यावर कोरले आहे. नंतर ही पात्रे एका गळ्यात मावेनात. जेफ बर्गमन, अलास्की आणि आणखी काही जणांनी ती वाटून घेतली, आणि पुढची चित्रे निघाली तेव्हा श्रेयनामावलीत एकाच्या जागी अनेक नावे आली.